दोष दाराचा की वाटेचा?



वसंतातील व्याख्यानांत इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्यांच्या पंक्तीत 'साठवण-जाळ्यातील स्विचचे बिघडलेले पोर्ट कसे ओळखावे' हा विषय पाहून काही मंडळींनी कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचली असेल. त्यांचे आश्चर्य रास्त आहे. परंतु आज येथे येताना बेव्हर्ली पार्कच्या नाक्यावर ज्यांनी भाजी घेऊन मोबाइलवरून पैसे चुकते केले, त्यांचा या विषयाशी संबंध येऊन गेलेला आहे. भाजीवाल्याजवळची छोटी पेटी 'पैसे मिळाले' असे बोलते, तोपर्यंत कोठल्या तरी यंत्रगृहात आपल्या खात्यातील आकडा वाचला गेलेला असतो, त्यातून रक्कम वजा झालेली असते आणि नवा आकडा पुन्हा लिहिला गेलेला असतो. हे वाचणे-लिहिणे ज्या वाटेने चालते, त्या वाटेवरील दारांविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम ही वाट कशी असते ते पाहू. मोठ्या बँका, रुग्णालये, विमा कंपन्या, शेअरबाजार यांच्या यंत्रगृहांत हिशोब करणारी यंत्रे, म्हणजे सर्व्हर, एकीकडे असतात. आणि माहिती साठवणाऱ्या डिस्कची कपाटे दुसरीकडे असतात. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात स्वतःची डिस्क ठेवण्याऐवजी सर्वांनी मिळून एक मोठे कोठार वापरावे, अशी ही व्यवस्था आहे. सर्व्हर आणि कोठार यांना जोडणाऱ्या जाळ्याला साठवण-जाळे म्हणतात. या जाळ्यात बहुधा 'फायबर चॅनेल' नावाची पद्धती चालते; तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता १९९४ साली मिळाली. जाळ्याच्या मध्यभागी जी पेटी बसते ती स्विच. भिंतीवरच्या बटणाशी तिचा संबंध नाही. पूर्वी आगगाडीच्या टपालडब्यात कर्मचारी उभे राहून पत्रांची वर्गवारी करीत आणि प्रत्येक पत्र त्याच्या गावाच्या खणात टाकीत. तेच काम ही पेटी करते, फक्त सेकंदाला लाखो पत्रांचे.

या पेटीला ओळीने दारे असतात. कोणत्या पेटीला २४, कोणत्या ४८, तर मोठ्या पेट्यांना शेकडो. या दारालाच पोर्ट म्हणतात. प्रत्येक दारात बोटाएवढी एक धातूची डबी बसवलेली असते. धंद्यातील माणसे तिला एसएफपी म्हणतात. विजेच्या संकेताचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर करणे हे तिचे काम. डबीला दोन भोके असतात. एकातून प्रकाश बाहेर जातो, दुसऱ्यातून आत येतो. म्हणून केबलमध्येही काचेचे दोन तंतू असतात, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. जाण्याची आणि येण्याची वाट निराळी असते, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे दोष शोधताना हीच आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आता बिघाडाकडे येऊ. पोर्ट संपूर्ण बंद पडले तर मोठा अनर्थ होतो, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. चांगल्या यंत्रगृहात प्रत्येक सर्व्हरपासून कोठारापर्यंत दोन स्वतंत्र वाटा असतात, आणि त्या दोन निरनिराळ्या स्विचमधून जातात. एक वाट मेली की सर्व्हरला ते तत्काळ कळते आणि सारी वाहतूक दुसऱ्या वाटेने सुरू होते. भाजीवाल्याला आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. खरे संकट येते ते अर्धमेल्या दारामुळे. ते कधी चालते, कधी अडखळते. ते उघडे दिसत असल्यामुळे सर्व्हर त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि त्याच वाटेने माहिती पाठवीत राहतो. फायबर चॅनेलच्या नेहमीच्या व्यवहारात हरवलेले पाकीट स्विच पुन्हा पाठवीत नाही. सर्व्हर उत्तराची वाट पाहत थांबतो. कित्येक सर्व्हरांत ही थांबण्याची मुदत ३० सेकंदांची असते. एक पाकीट हरवले, एक मागणी अर्धा मिनिट तिष्ठत राहिली, तिच्यामागे शंभर मागण्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि कचेरीतील माणसे म्हणू लागली की आज यंत्र फार हळू चालते आहे. दार मात्र उघडेच दिसते.

अर्धमेल्या वाटेने काय होऊ शकते याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअरबाजाराने सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास व्यवहार थांबवले. दुपारी पावणेचारला ते पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत चालू ठेवावे लागले. बाजाराने पुढे जे स्पष्टीकरण दिले, त्यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. पहिली अशी की, त्यांच्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या दूरसंचार वाटा अस्थिर झाल्या होत्या, आणि त्याचे मुख्य कारण रस्त्यावर चाललेले खोदकाम व बांधकाम हे होते. दुसरी अशी की, त्या अस्थिरतेमुळे साठवण-जाळ्याची यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही, आणि जोखीम-नियंत्रणाची व्यवस्था उपलब्ध राहिली नाही. जोखीम मोजता येत नसताना बाजार चालू ठेवणे योग्य नव्हते, म्हणून तो थांबवला गेला. यात पोर्ट बिघडले होते असे आमचे म्हणणे नाही. वाट डळमळीत झाली होती. परंतु धडा तोच आहे. एक वाट बंद पडली तर काय करावयाचे याची तजवीज बहुतेकांनी केलेली असते. वाट डळमळू लागली म्हणजे काय करावयाचे, याचा विचार कमी झालेला असतो. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यांना रस्त्याचे खोदकाम म्हणजे काय हे सांगावयास नको.

आता परीक्षा. 'अमुक पोर्ट खराब आहे' असा निरोप येतो तेव्हा त्या निरोपाचा खरा अर्थ एवढाच असतो, की त्या पोर्टावर दोष दिसला. दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो, असे नाही. एका दारापासून सर्व्हरपर्यंत गेलो तर दोष राहण्याच्या सहा जागा सापडतात. स्विचच्या आतील पोर्टाचे मंडल, त्यातील डबी, केबल, मध्ये असल्यास जोडफळी म्हणजे पॅच पॅनेल, पलीकडची डबी, आणि शेवटी सर्व्हरचे कार्ड. आमच्या अनुभवात या सहांपैकी पहिल्या जागेचा दोष सर्वांत क्वचित निघतो. आणि आळ मात्र सर्वांत आधी तिच्यावरच येतो, कारण आकडे तिच्या नावावर लिहिलेले असतात.

दार पूर्ण बंद असेल तर आधी साधे प्रश्न विचारावेत. कोणी ते मुद्दाम बंद करून ठेवले आहे काय? त्या पोर्टाचा परवाना घेतलेला आहे काय? कारण काही स्विचांत सर्व दारे विकत घेतलेली नसतात. दोन्ही टोकांना वेग जुळतो काय? एका टोकाला वेग ठरावीक करून ठेवला असेल आणि दुसऱ्या टोकाला तो पेलत नसेल, तर दोघेही निर्दोष असून भेट होत नाही. डब्यांची जात एक आहे काय? जवळच्या पल्ल्याची डबी ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकते, लांब पल्ल्याची बहुधा १३१० नॅनोमीटरचा. दोन टोकांना दोन जाती बसवल्या तर संभाषण होणार नाही. आणि अखेरीस, केबलचे दोन तंतू उलटसुलट तर झाले नाहीत ना? तसे झाले म्हणजे दोघेही एकाच तंतूत बोलतात आणि दुसऱ्या तंतूला दोघेही कान लावून बसतात. या पाच प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. हे प्रश्न न विचारता नवे सामान मागवले तर त्यात पाच दिवस जातात.

दार उघडे असून अडखळत असेल तर मोजणीचे आकडे वाचावे लागतात. स्विच प्रत्येक दाराच्या दोषांची नोंद ठेवतो. येथे नवशिक्याची पहिली चूक होते. तो मोठा आकडा पाहून दचकतो. परंतु हे आकडे मागच्या वेळी पुसले तेव्हापासूनचे असतात. ती वेळ एक वर्षापूर्वीची असू शकते. शिवाय सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला तरी 'प्रकाश गेला', 'मेळ सुटला' असे आकडे वाढतात. तो दोष नव्हे. म्हणून आधी आकडे लिहून घ्यावेत, मग पुसावेत, पंधरा मिनिटे थांबावे आणि पुन्हा वाचावेत. या पंधरा मिनिटांत जो आकडा वाढला त्याच्याकडेच पाहावे. वैद्य कालचा ताप विचारतो, पण औषध देण्यापूर्वी आजची नाडी पाहतो.

आकड्यांत सर्वांत बोलका आकडा ताळ्याचा. शाळेत गुणाकार केल्यावर आपण ताळा पाहत असू. तसेच पाठवणारे यंत्र प्रत्येक पाकिटाच्या शेवटी एक ३२ अंशांचा ताळा लिहिते. घेणारे यंत्र आपला ताळा काढून तो जुळवून पाहते. जुळला नाही तर वाटेत पाकिटातील काहीतरी बदलले. त्याला सीआरसी दोष म्हणतात. येथे दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट ही, की ताळा घेणारा पाहतो. म्हणजे स्विचच्या १७ क्रमांकाच्या दारावर सीआरसीचा आकडा वाढला, तर १७ क्रमांकाने चुकीचे ऐकले. तो चुकीचे बोलला असे नव्हे. बोलणारा पलीकडे आहे. दोष पलीकडच्या डबीच्या प्रकाशात असेल, येणाऱ्या तंतूत असेल, किंवा १७ क्रमांकाच्या डबीच्या कानात असेल. जाणाऱ्या तंतूचा आणि या दोषाचा संबंध नाही. दोन वाटा निराळ्या आहेत हे आधी सांगितले, त्याचा उपयोग येथे झाला. सहा जागांपैकी कित्येक अर्ध्या जागा आपण हात न लावता वगळल्या.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. वेगासाठी स्विच बहुधा संपूर्ण पाकीट आत येण्याची वाट पाहत नाही. पत्ता वाचला की पुढे ढकलू लागतो. शेवटी ताळा चुकला असे दिसले तर पाकिटाच्या शेपटीवर 'खराब' अशी खूण करतो, परंतु पाकीट पुढे गेलेले असते. पुढच्या स्विचलाही ताळा चुकलेला आढळतो आणि त्याच्याही दारावर आकडा वाढतो. अशा रीतीने एका घाणेरड्या केबलमुळे चार निर्दोष दारांवर डाग पडतो. यासाठी चांगले स्विच दोन आकडे निराळे ठेवतात. ताळा चुकला आणि शेपटीवर खूण आधीच होती, तर दोष मागून आला आहे. ताळा चुकला आणि शेपटी स्वच्छ होती, तर दोष याच टप्प्यात झाला आहे. अफवा कोणी कोणी सांगितली याची यादी करण्यापेक्षा ती प्रथम कोणाच्या तोंडून निघाली हे शोधावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, रात्री अडीच वाजता आमच्या बेव्हर्ली पार्कातील घरी फोन आला. एका कचेरीतील महिनाअखेरचे पगाराचे काम तीन तासांत व्हावयाचे, ते आठ तास झाले तरी अर्धेही झाले नव्हते. तेथील तरुण मंडळींनी एका पोर्टाची डबी दोनदा बदलली होती. दोष जात नव्हता, म्हणून 'पोर्टच गेले, सगळा स्विच बदलू' असा त्यांचा निर्णय झाला होता. पहाटेच्या लोकलने आम्ही मीरा रोडहून निघालो.

आकडे पुसले, पंधरा मिनिटे थांबलो. ताळ्याचा आकडा पुन्हा वाढला आणि शेपट्या स्वच्छ होत्या. म्हणजे दोष त्याच टप्प्यात होता. मग प्रकाश मोजला. डबी स्वतःच किती प्रकाश टाकते आणि किती मिळतो हे सांगते. हे माप डीबीएम नावाच्या एककात असते. शून्य म्हणजे एक मिलिवॅट, उणे ३ म्हणजे त्याच्या निम्मे, उणे १० म्हणजे एक दशांश. शेजारच्या दारांवर उणे ३ च्या आसपास प्रकाश येत होता. या दारावर उणे १० येत होता. सर्व्हरचे कार्ड मात्र सांगत होते की मी उणे अडीच टाकतो आहे. म्हणजे बोलणारा धडधाकट होता, आणि त्याच्या बोलण्याच्या सहा भागांपैकी जेमतेम एक भाग पोहोचत होता. वीस-पंचवीस मीटरच्या केबलमध्ये एवढा प्रकाश गळण्याचे कारण नाही. डबी दोनदा बदलून उपयोग का झाला नाही हे येथे उलगडले. चोर घरात नव्हता, वाटेत होता.

जोडफळीवरचा जोड काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. टोकावर सिमेंटची धूळ होती. आदल्या आठवड्यात शेजारच्या खोलीतील भिंत फोडली होती, आणि फळीवरील त्या खणाचे टोपण कोणीतरी काढून ठेवले होते. श्रोत्यांना कल्पना यावी म्हणून सांगतो: माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाडीचा असतो, आणि मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जवळच्या पल्ल्याच्या तंतूत प्रकाश वाहणारा गाभा ५० मायक्रोमीटरचा असतो. लांब पल्ल्याच्या तंतूत तो अवघा ९ मायक्रोमीटरचा असतो. डोळ्यांना न दिसणारा कण तेथे धोंड्यासारखा आडवा येतो. कोरड्या साफणीने टोक पुसले, जोड बसवला. प्रकाश उणे ३ च्या जवळ आला. आकडा शून्यावरून हलला नाही. पगाराचे काम दुपारी पुरे झाले.

या हकीकतीचा एक भाग आम्हांला सांगण्यास आवडत नाही, परंतु तो सांगितल्याशिवाय हकीकत प्रामाणिक होणार नाही. जोड काढण्यासाठी आम्ही प्रथम ज्या केबलला हात घातला, ती भलतीच केबल होती. तिच्यावरील चिठ्ठीवर आमच्याच दाराचा क्रमांक होता. ती खरोखर दुसऱ्या स्विचकडे जाणारी, म्हणजे त्या सर्व्हरची निरोगी वाट होती. काही महिन्यांपूर्वी कोणीतरी केबल हलवली होती आणि चिठ्ठी व वही दोन्ही तशीच राहिली होती. ओढण्यापूर्वी एका तरुणाने विचारले, "साहेब, आधी त्या दाराचा दिवा लुकलुकवून पाहू या का?" स्विचला आज्ञा देऊन ठरावीक दाराचा दिवा चमकवता येतो. दिवा दुसऱ्याच दारावर चमकला. ती केबल ओढली असती तर निरोगी वाट तुटली असती आणि सर्व भार आजारी वाटेवर पडला असता. पगाराचे काम तर थांबलेच असते. परंतु अर्धवट लिहिलेल्या हिशोबाचे काय झाले असते हे आम्ही आजही सांगू शकत नाही. त्या दिवसापासून आमचा एक नियम आहे. आजारी वाटेला हात लावण्यापूर्वी निरोगी वाट खरोखर निरोगी आहे याची खात्री करावयाची, आणि ज्या केबलला हात लावावयाचा ती तीच आहे हे दिव्याने पटवून घ्यावयाचे. चिठ्ठीवर विसंबावयाचे नाही.

आता एक निराळा प्रकार. कधी कधी ताळे जुळतात, प्रकाश उत्तम असतो, तरी दार तुंबते. येथे दोष काचेत नसतो, शिस्तीत असतो. एकेरी लोहमार्गावर पूर्वी स्टेशनमास्तर चालकाच्या हाती एक गोळा देत असे. गोळा हाती असल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात न्यावयाची नाही. फायबर चॅनेलमध्ये नेमकी हीच रीत आहे. पलीकडच्या दाराजवळ पाकिटे ठेवण्यास जितकी जागा असेल तितके गोळे, उदाहरणार्थ आठ, बोलणाऱ्याला सुरुवातीलाच मिळतात. एक पाकीट पाठवले की एक गोळा खर्च झाला. पलीकडे जागा मोकळी झाली की एक गोळा परत येतो. हाती गोळा नसेल तर बोलणारा थांबतो. या गोळ्यांना धंद्यात क्रेडिट म्हणतात.

समजा, एखादा सर्व्हर मंदावला आणि गोळे वेळेवर परत करीना. त्याच्यासाठी आलेली पाकिटे स्विचमध्ये साचतात; मग मागच्या स्विचला गोळे मिळत नाहीत; मग त्याच्याही मागे रांग लागते. भाईंदरला गाडी अडकली की तिच्या मागची मीरा रोडला थांबते आणि तिच्या मागची दहिसरला. दहिसरच्या फलाटावरील प्रवासी दहिसरच्या सिग्नलला नावे ठेवतो. तद्वतच दोन स्विचांना जोडणाऱ्या निर्दोष दारावर तुंबल्याचे आकडे दिसतात आणि लोक ते दार बदलतात. फार वेळ साचलेले पाकीट सेकंदाच्या पाव-अर्ध्या भागानंतर स्विच फेकून देतो, आणि मग मघाशी सांगितलेले ३० सेकंदांचे तिष्ठणे सुरू होते. यावर उपाय एकच. रांगेच्या शेवटाकडून पुढे पुढे चालत जावे आणि रांग जेथे संपते तेथे कोण उभा आहे ते पाहावे. गोळे न परतवणारा तेथे सापडतो.

याच प्रकारात अंतरामुळे फसगत होते. मीरा रोडपासून चर्चगेटपर्यंत सुमारे ४० किलोमीटर आहेत. काचेतील प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणून हे अंतर तोडण्यास त्याला एका सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. फार थोडा वेळ! परंतु ८ गिगाबिट वेगाच्या दारातून तेवढ्या वेळात सुमारे ८० भरलेली पाकिटे निघून जातात. गोळा परत यावयास तितकाच वेळ आणखी. म्हणजे वाट सतत भरलेली ठेवावयाची तर १६० च्या आसपास गोळे हवेत. आठ गोळ्यांवर ती वाट चालवली तर दार बहुतेक वेळ हात बांधून उभे राहील, आणि पाहणारा म्हणेल की दार खराब आहे. ते खराब नाही, उपाशी आहे.

इतके सगळे पाहिल्यावरही दोष उरला, तर अदलाबदलीस लागावे. एका वेळी एकच वस्तू बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर आकडे पुसून पंधरा मिनिटे थांबावे. आधी टोके साफ करावीत, मग केबल बदलावी, मग जवळची डबी, मग दूरची. घाईचा माणूस तिन्ही वस्तू एकदम बदलतो. दोष गेला तरी कशाने गेला हे त्याला कळत नाही, आणि चांगल्या वस्तू खराब म्हणून कचऱ्यात किंवा, त्याहून वाईट, खराब वस्तू चांगली म्हणून पुन्हा कपाटात जाते. पुढच्या वर्षी तीच डबी कोणीतरी विश्वासाने बाहेर काढतो.

खुद्द दारावर शिक्का मारावयाचा तर त्याची साक्ष स्वतंत्रपणे घ्यावी. त्यासाठी एक छोटी वळणकेबल असते. ती डबीच्या दोन्ही भोकांत बसवली की दाराचाच प्रकाश फिरून दाराकडे येतो. दार स्वतःशीच बोलते. चांगली म्हणून ठाऊक असलेली डबी बसवून, स्वच्छ वळणकेबल लावून, स्विचमधील परीक्षा चालवली आणि तरीही ताळा चुकला, तर मात्र दार दोषी आहे. आता दुसरा साक्षीदार उरलाच नाही. अशा वेळी शेजारच्या दारांकडेही पाहावे. काही दारे मिळून एकाच चिपवर असतात. त्या गटातील दोन-तीन दारे एकदम कुरकुरू लागली तर रोग दाराचा नसून चिपचा आहे, आणि मग फळी किंवा स्विच बदलण्याची तयारी करावी.

दार दोषी ठरल्यावर केबल शेजारच्या रिकाम्या दारात लावणे सोपे वाटते. तेथेही सावधगिरी हवी. कोणत्या सर्व्हरने कोणते कोठार पाहावे याची परवानगी स्विचमध्ये लिहिलेली असते. ती परवानगी यंत्राच्या कायम नावावर लिहिली असेल, तर दार बदलले तरी चालते. हे नाव ६४ अंशांचे असते. ती दाराच्या क्रमांकावर लिहिली असेल, तर नव्या दारात सर्व्हरला कोठार दिसणारच नाही. दिसलेच तर भलत्याचे दिसेल. म्हणून परवानगी आधी पाहावी, केबल मागून हलवावी. आणि बिघडलेले दार आज्ञा देऊन बंद करावे, त्यात टोपण घालावे, वहीत तारीख-कारण लिहावे. नुसते रिकामे सोडलेले दार सहा महिन्यांनी कोणालातरी 'मोकळे' दिसते.

दोन गोष्टी सांगून पुरे करतो. डबीच्या किंवा केबलच्या टोकात डोळा घालून प्रकाश आहे की नाही हे कधीही पाहू नये. लांब पल्ल्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणारा प्रकाशही डोळ्यांना इजा करू शकतो. तसेच केबलचे टोक फुंकर मारून किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. त्याने एक कण जातो आणि दहा येतात.

हे काम करणारी मुले-मुली आपल्याच घरांतली आहेत. बेव्हर्ली पार्कच्या किती तरी इमारतींत मध्यरात्री एखाद्या खिडकीत दिवा लागलेला असतो आणि कोणीतरी कानाला फोन लावून आकडे वाचून दाखवीत असते. आपण त्यांना सकाळी विचारतो, "काय रे, एवढे काय झाले होते?" आणि ते म्हणतात, "काही नाही, एक पोर्ट खराब होते." आजच्या व्याख्यानानंतर आपण त्यांना आणखी एक प्रश्न विचारावा, एवढीच आमची विनंती आहे: "दारच खराब होते ना? की वाट पाहिलीत?" आमच्या अनुभवाने सांगतो, ते क्षणभर थांबतील, आणि पुष्कळ वेळा परत जाऊन पाहतील.